वाघाचा ठावठिकाणा आणि नोंदीचे राखणदार

(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



२०२४ सालच्या ऑक्टोबर महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात नांदेड जिल्ह्यातील किनवट तालुक्यातून एक नर वाघ निघाला. वय सहा ते आठ वर्षे. जोडीदारीण शोधण्यासाठी तो बाहेर पडला असावा, असे वनाधिकाऱ्यांचे अनुमान होते. तो प्रथम आढळला आदिलाबाद जिल्ह्याच्या बोथ मंडलातील रानात. तेथून निर्मळ जिल्ह्यात सारंगापूर, मामडा, पेंबी असा फिरत, हैदराबाद-नागपूर हमरस्ता ओलांडून तो पुढे उटनूर-तिर्याणीच्या बाजूस वळला. महिनाभरात तीनशे किलोमीटरांहून अधिक मजल त्याने मारली. वाटेत पाच गुरे मारली. लोकांनी आणि वृत्तपत्रांनी त्याला 'जॉनी' म्हटले, आणि या दोन जिल्ह्यांत काही दिवस दुसरा विषय नव्हता.

बोथला लागूनच बाजारहत्नूर आहे. ज्या गावाच्या नावातच बाजार आहे, त्या गावाला बातमी कशी हिंडते हे सांगण्याची आवश्यकता नाही. पूर्वी वाघाची वार्ता गुराख्याकडून पाटलाकडे, पाटलाकडून आठवडी बाजारात आणि तेथून चार गावांच्या चावडीवर जाई. तिला दोन-तीन दिवस लागत. तोवर वाघ दुसऱ्या डोंगराआड गेलेला असे. वार्तेच्या या संथपणाने वाघाचे किती रक्षण केले असेल, याचा हिशेब कोणी मांडलेला नाही. जॉनीची वार्ता मात्र छायाचित्रासह, जागेच्या नावासह, काही मिनिटांत हजारो हातांतील यंत्रांवर पोहोचत होती.

येथून आजच्या विषयाला प्रारंभ होतो. वाघाचा ठावठिकाणा कोणाजवळ असावा? तो कोणाला सांगावा, कोणापासून राखावा आणि हे ठरवण्याचा अधिकार कोणाचा? प्रश्न दिसतो वनखात्याचा. परंतु नोंद ठेवणे, ती जपणे, कोणी पाहिली याचा हिशेब ठेवणे हे ज्या संस्थेचे शंभर वर्षांचे काम आहे, तिच्या सभासदांना तो परका वाटू नये. दाखल-नोंदवही आणि देवघेवीची वही यांतला भेद येथल्या प्रत्येक वाचकाला ठाऊक आहे. जंगलाच्या नव्या नोंदींना यांपैकी पहिली वही आहे. दुसरीविषयी आस्था फारच थोडी दिसते.

प्रथम या भूमीविषयी थोडे. किनवट आणि राजुरा हे तालुके १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच होते. भाषेच्या न्यायाने ते मुंबई राज्यात गेले. बोथ, बाजारहत्नूर, इच्चोडा ही गावे अलीकडे राहिली. येथे घरात मराठी वा गोंडी आणि कचेरीत तेलुगू, अशी त्रिभाषी राहणी पिढ्यान् पिढ्या चालली आहे. माणसांच्या दृष्टीने ती सीमा फार मोठी ठरली. वाघांच्या लेखी ती नाही. यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्य अवघे एकशे अठ्ठेचाळीस चौरस किलोमीटरांचे. तेथे जन्मलेल्या तरुण नरांना स्वतःचे राज्य हवे असेल तर बाहेर पडण्यावाचून गत्यंतर नसते. एकीकडे पैनगंगेचे रान, दुसरीकडे ताडोबा, आणि दक्षिणेस कव्वाल. कव्वालला व्याघ्रप्रकल्पाचा दर्जा २०१२ मध्ये मिळाला. गाभा आणि भोवतालचे क्षेत्र मिळून त्याचा विस्तार दोन हजार चौरस किलोमीटरांच्या घरात आहे. बाजारहत्नूरचा परिसर या वाटांच्या मध्ये येतो. येथील शेतकरी कधी वाघाच्या घरात राहत नाही, पण वाघाच्या रस्त्यावर मात्र राहतो. आणि रस्त्यावर राहणाऱ्याला कोण केव्हा जाणार हे आधी कळत नाही.

आता पुण्याकडे वळू. २०१३ च्या फेब्रुवारीत मध्य प्रदेशातील पन्ना व्याघ्रप्रकल्पात 'पन्ना-२११' या सुमारे अडीच वर्षांच्या नर वाघाच्या गळ्यात उपग्रहाशी जोडलेला पट्टा बसवण्यात आला. वाघ कोठे आहे हे तो पट्टा आरंभीचे तीन महिने तासातासाला, आणि नंतर चार-चार तासांनी, डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेतील शास्त्रज्ञाच्या ई-मेल खात्यावर कळवी. त्या वर्षीच्या जुलैमध्ये कोणीतरी त्या खात्यात शिरण्याचा प्रयत्न केला. प्रयत्न झाला होता पुण्याहून, पन्नापासून शेकडो किलोमीटर दूर बसून. यंत्रणेने तो अडवला. आत प्रवेश मिळाला असता तरी माहिती सांकेतिक स्वरूपात होती, ती उलगडण्यास विशिष्ट साधन लागले असते, असे संस्थेकडून सांगण्यात आले. शिकाऱ्याचाच तो प्रयत्न होता असे सिद्ध झाले नाही. तरीही 'सायबर-शिकार' हा शब्दप्रयोग जगभरच्या वृत्तपत्रांत प्रथम गाजला तो या घटनेमुळे, आणि तिच्यात पुण्याचे नाव आहे. हाती बंदूक नाही, पायाखाली पाचोळा नाही. आणि जंगलाची सगळ्यांत मौल्यवान वस्तू, म्हणजे वाघाचा पत्ता, चोरण्याचा प्रयत्न होतो!

परदेशांतही या धोक्याची जाणीव झाली. कॅनडातील बान्फ राष्ट्रीय उद्यानात छायाचित्रकार रेडिओ-पट्ट्यांचे संकेत पकडून प्राण्यांच्या मागे लागू लागले, तेव्हा अशा ग्राहक-यंत्रांवरच निर्बंध घालावे लागले. अर्थात पत्ता फुटण्यासाठी यंत्रच हवे असे नाही. कित्येकदा छापील पान पुरते. चीनमधील एका पालीच्या जातीचे शास्त्रीय वर्णन १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. पाळीव प्राण्यांच्या व्यापाऱ्यांनी ते वाचले, आणि थोड्याच वर्षांत वर्णनात दिलेल्या मूळ ठिकाणाहून ती पाल नाहीशी झाली. ज्ञानप्रसारावर ज्यांची श्रद्धा आहे त्यांना, म्हणजे आपणा सर्वांनाच, ही कथा अस्वस्थ करणारी आहे. आज नव्या जातीचे वर्णन लिहिणारे काही शास्त्रज्ञ नेमकी जागा मोघम ठेवतात ती यामुळे.

तथापि 'सर्व झाकून ठेवा' हे उत्तर पुरेसे नाही. आपल्याच राज्यातले उलटे उदाहरण आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यात आंबोलीच्या हिरण्यकेशी मंदिराच्या कुंडात एक लहानसा मासा आढळला आणि २०२० मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले. जागा सर्वांना माहीत होती. मंदिराचे नावच माशाला दिले होते. २०२१ मध्ये महाराष्ट्र शासनाने ती जागा जैवविविधता वारसास्थळ म्हणून घोषित केली. तेथे प्रसिद्धीनेच संरक्षण दिले, कारण कुंडाच्या काठावर श्रद्धेने येणारे गाव जागे होते. माहिती उघड असणे घातक ठरेल की तारक, हे पुष्कळदा त्या माहितीच्या भोवती कोण उभे आहे यावर अवलंबून असते.

शिवाय वाघाचा पत्ता गुप्त ठेवायचा, तर कापूस वेचायला पहाटे शेतात जाणाऱ्या बाईला तो सांगायचा की नाही? येथे खरी अडचण आहे. 'वॉकर' नावाने प्रसिद्ध झालेल्या टिपेश्वरच्या वाघाच्या गळ्यात २०१९ च्या फेब्रुवारीत पट्टा होता. जूनमध्ये तो निघाला आणि विदर्भ-मराठवाड्याच्या शिवारांतून, आदिलाबादची भूमीही तुडवीत, सुमारे तेराशे किलोमीटर चालून डिसेंबरात बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. पट्टा काढेपर्यंत त्याची चाल तीन हजार किलोमीटरांवर गेली होती. दिवसा झुडपांत आणि नाल्यांत दडणे, रात्री चालणे, असा त्याचा क्रम होता. हे सारे कळले ते पट्ट्यामुळे. संबंधित वनाधिकारी त्याच्यावर लक्ष ठेवून होते, म्हणूनच गावांना सावध करणे शक्य होते. जॉनीच्या वेळी लोकांना सूचना दिल्या गेल्या त्याही आवश्यकच होत्या. गुराख्याचा जीव आणि वाघाचा जीव हे एकाच संदेशावर अवलंबून आहेत. आणि तोच संदेश तिसऱ्याच माणसाच्या हाती पडला तर दोघांनाही अपाय आहे.

तिसरा माणूस काल्पनिक नाही. २०२५ च्या जानेवारीत चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा येथे, म्हणजे आदिलाबादच्या जुन्या तालुक्यातच, वाघांच्या शिकारीच्या टोळीतील एका कुख्यात इसमास अटक झाली. तपासाचे धागे थेट ईशान्य भारतात शिलाँगपर्यंत आणि त्यापलीकडे म्यानमारच्या सीमेकडे गेले. रानात राहुटी ठोकून राहणाऱ्या शिकाऱ्यापर्यंत दूरच्या व्यापाऱ्याचा पैसा पोहोचवायला आता माणूस पाठवावा लागत नाही. मात्र याच व्यवहारांच्या आणि दूरध्वनींच्या नोंदी पुढे पुरावा होतात. २०१३ मध्ये मेळघाटातील वाघांच्या शिकारी उघडकीस आल्या तेव्हाही भ्रमणध्वनीच्या नोंदींनी तपासाला मोठे साहाय्य केले होते. यंत्र शिकाऱ्याचे आहे तसे शिपायाचेही आहे.

परंतु येथील वाघ नेहमी व्यापाऱ्यासाठीच मरतात, असे मानणे ही सोयीची समजूत आहे. २०२४ च्या जानेवारीत कागजनगरच्या रानात दोन वाघ मृत आढळले. वाघाने मारलेल्या गुराच्या मढ्यावर विष टाकले गेल्याचे वनखात्याच्या चौकशीत निष्पन्न झाले. रानडुकरांसाठी पसरलेल्या विजेच्या तारांनी या सबंध पट्ट्यात वाघ मेले आहेत आणि माणसेही मेली आहेत. कव्वालमधील एका वाघिणीच्या कमरेभोवती तारेचा फास रुतलेला असल्याचे स्वयंचलित कॅमेऱ्याने टिपले होते. ते चित्र पुष्कळांनी पाहिले. कॅमेऱ्याचे काम तेथे संपले. फास काढण्यासाठी माणूसच लागतो.

सागाचेही तेच. बोथ-इच्चोडा-नेरडीगोंडा या टापूत सागाची चोरटी तोड हा जुना रोग आहे. झाड रात्री पडते, पहाटेपूर्वी ओंडका गाडीत चढतो. पूर्वी पहारेकऱ्याची चाहूल घ्यायला चोरांना वाटेवर माणसे बसवावी लागत. आता पुढे एक मोटारसायकल आणि खिशात एक दूरध्वनी एवढ्यावर भागते. नाक्यावर कोण उभे आहे, कोण जेवायला गेले आहे, याची खबर ओंडक्यापुढे धावते. दुसऱ्या बाजूस शासनाचीही साधने वाढली. वनरक्षकाची गस्त कोणत्या वाटेने झाली हे नोंदवणारी 'एम-स्ट्राइप्स' ही प्रणाली २०१० पासून व्याघ्रप्रकल्पांत आली. रानातील वणव्याची सूचना भारतीय वन सर्वेक्षण उपग्रहाच्या आधारे भ्रमणध्वनीवर पाठवते. गौण खनिजांसाठी महाराष्ट्रात 'महाखनिज', तर तेलंगणात वाळूच्या विक्रीसाठी संगणकीय व्यवस्था उभी राहिली. मोठ्या खाणींच्या पट्ट्याबाहेर पाचशे मीटरपर्यंत खणले जाते काय, हे उपग्रहचित्रांवरून पाहणारी देखरेख-व्यवस्था केंद्राने २०१६ मध्ये सुरू केली. एवढे डोळे उघडे असताना पैनगंगा-गोदावरीच्या पात्रांतील वाळू रात्री हलते कशी, असा प्रश्न कोणासही पडावा. उत्तर साधे आहे. परवान्याची पावती यंत्रातून निघते. त्याच पावतीवर गाडीच्या किती खेपा झाल्या, हे नदीकाठी उभ्या असलेल्या माणसाला दिसते, आणि त्याची साक्ष नोंदवण्यासाठी त्या यंत्रात रकाना नसतो.

या साधनांचा आणखी एक पैलू आहे आणि त्याची चर्चा सभ्य समाजात फारशी होत नाही. केम्ब्रिज विद्यापीठातील एका संशोधकाचा कॉर्बेट व्याघ्रप्रकल्पाविषयीचा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. चौदा महिने तेथे राहून त्याने सुमारे दोनशे सत्तर लोकांशी संवाद केला होता. प्राण्यांसाठी लावलेले कॅमेरे आणि आकाशात फिरणारी ड्रोन-यंत्रे सरपण व गवत आणायला जाणाऱ्या स्त्रियांवर पाळत ठेवण्यासाठी वापरली गेल्याचे त्यात नमूद आहे. एका स्त्रीचे रानातील अत्यंत खासगी क्षणाचे चित्र कॅमेऱ्यात टिपले गेले आणि ते गावातील दूरध्वनींवर फिरवले गेले. त्या रानात स्त्रिया एकमेकींशी मोठ्याने बोलत, गाणी म्हणत; त्या आवाजाने जनावर दूर राही. कॅमेऱ्यांच्या धाकाने त्या गप्प राहू लागल्या. आंध होवो, गोंड होवो वा कोलाम, आपल्या भागातील बाई मोहफुले वेचायला, सरपणाला रानातच जाते. तिच्या चित्राची मालकी कोणाची, ते किती दिवस ठेवावे, कोणी पाहावे, हे प्रश्न वाघाच्या पत्त्याइतकेच गंभीर आहेत. देवघेवीची वही हवी ती येथे. कोणत्या अधिकाऱ्याने कोणत्या दिवशी कोणते चित्र पाहिले आणि कशासाठी, एवढी नोंद सक्तीची केली तर पुष्कळ अनर्थ टळतील.

पर्यटकांच्या उत्साहाविषयी विस्ताराने बोलण्याचे कारण नाही. २०२४ च्या वर्षअखेरीस उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एका वाघिणीची व तिच्या पाच बछड्यांची वाट जिप्सी गाड्यांनी दोन्ही बाजूंनी अडवली, ती कशासाठी? चित्रांसाठी. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली, यात सर्व आले.

कायद्याचे बळ किती आहे? वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ चा. त्यात २०२२ मध्ये दुरुस्ती होऊन ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि सर्वसाधारण अपराधासाठी दंडाची मर्यादा पंचवीस हजारांवरून एक लाख रुपयांवर गेली. वन्यजीव गुन्हे नियंत्रण विभाग २००७ मध्ये स्थापन झाला. वन्यप्राण्यांचे अवयव विकू पाहणाऱ्या १०६ संकेतस्थळांची यादी त्याने काढल्याचे २०१६ मध्ये संसदेत सांगण्यात आले होते. माहिती तंत्रज्ञान अधिनियम २००० चा, ड्रोनविषयक नियम २०२१ चे, व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा अधिनियम २०२३ चा. कपाट भरलेले आहे. पण यांपैकी एक कायदा वाघाला ओळखतो आणि माहितीला ओळखत नाही. दुसरा माहितीला ओळखतो आणि वाघाला ओळखत नाही. व्यक्तिगत माहितीच्या कायद्यात 'व्यक्ती' म्हणजे माणूस. वाघाचा पत्ता त्या व्याख्येत बसत नाही. तो फोडणाऱ्याने प्रत्यक्ष शिकारीस हातभार लावल्याचे सिद्ध होईपर्यंत त्याला कोणत्या कलमाखाली आणावे, याची स्पष्टता असावयास हवी.

एक कायदा मात्र या चर्चेत सहसा घेतला जात नाही आणि तोच बाजारहत्नूरच्या अधिक जवळचा आहे. २००६ च्या वनहक्क अधिनियमाच्या पाचव्या कलमाने ग्रामसभेला वन, वन्यजीव आणि जैवविविधता यांच्या रक्षणाचा अधिकार दिला आहे. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा गावाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला आणि आपल्या रानाचा कारभार गावानेच पाहावा हे करून दाखवले. रानातले झाड आणि जनावर ज्याला नावानिशी माहीत आहे, त्याला केवळ खबऱ्या समजावयाचे की नोंदीचा भागीदार, हा खरा वादाचा मुद्दा आहे. या मुद्द्याची उपेक्षा झाली की काय घडते, हे तेलंगणाने नुकतेच पाहिले. ३० मे २०२५ रोजी राज्य शासनाने ४९ क्रमांकाचा आदेश काढून कुमुरम भीम आसिफाबाद जिल्ह्यातील सुमारे चौदाशे त्र्याण्णव चौरस किलोमीटर वनक्षेत्र संवर्धन राखीव म्हणून घोषित केले. ताडोबा आणि कव्वाल यांना जोडणारा हा पट्टा वाघांसाठी अत्यंत महत्त्वाचा आहे, याविषयी दुमत नाही. परंतु ज्या भूमीत 'जल, जंगल, जमीन' ही घोषणा करीत १९४० मध्ये कुमरम भीम धारातीर्थी पडला, तेथील लोकांना आपल्या पायाखालचा नकाशा आपल्याला न विचारता बदलला असे वाटले. आंदोलन झाले, आणि जुलैमध्ये आदेश स्थगित करावा लागला. वाघाचे काम खोळंबले आणि लोकांचा विश्वासही गेला. नकाशा आधी गावात वाचला गेला असता तर कदाचित दोन्ही वाचले असते.

व्यवहारात काय करता येईल? वाघाची नेमकी जागा जाहीर न करता, त्या रात्रीपुरती, त्या पाच-सात गावांनाच सूचना द्यावी. वाघ पुढे गेला की ती मागे घ्यावी. तिच्यात बिंदू नसावा, शिवार असावे. ती मराठीत आणि गोंडीतही असावी. तेलुगू वा इंग्रजीत आलेला संदेश मराठी घरातील म्हाताऱ्या गुराख्याला त्याच्या नातवाने वाचून दाखवेपर्यंत गुरे रानात पोहोचलेली असतात. वृत्तपत्रांनी वाघाची बातमी चार दिवस उशिरा छापली तर वाचकांचे काहीही बिघडत नाही. ग्रंथालयाच्या वाचनकक्षात येणाऱ्या तरुणांनी रानात काढलेले चित्र इतरांना पाठवण्यापूर्वी त्याला आपोआप चिकटलेली जागेची नोंद पुसावी. दूरध्वनीत तशी सोय असते आणि ती शिकायला पाच मिनिटेही लागत नाहीत.

राहिला प्रश्न त्या पाच गुरांचा. जॉनीच्या प्रवासाच्या वर्णनांत किलोमीटर आहेत, मंडलांची नावे आहेत, हमरस्ता आहे. गुरांच्या मालकांविषयी एखादी ओळ क्वचित दिसते. मेलेल्या बैलाचा पंचनामा वेळेवर झाला, नुकसानभरपाई पेरणीपूर्वी हाती पडली, तर तो शेतकरी मढ्यापाशी विषाची बाटली घेऊन जात नाही. कागजनगरला गेलेले ते दोन वाघ आणि बोथच्या रानातून सुखरूप पुढे गेलेला जॉनी यांच्यामध्ये उपग्रह, कॅमेरा, कायदा यांच्याइतकाच तो पंचनाम्याचा कागदही उभा आहे. तो कागद कोणत्या तारखेला लिहिला गेला आणि पैसे कोणत्या तारखेला मिळाले, या दोन तारखा ग्रामपंचायतीच्या फलकावर शेजारी-शेजारी लिहिण्यास कोणत्याही नव्या यंत्राची गरज नाही. खडूचा एक तुकडा पुरेल.